ॲनिमेट बंद पडलं तर आपल्या फायलींचं काय?

चौकट चोवीस · टिळकवाडी, बेळगाव

फेब्रुवारीपासून आपल्या भागातल्या ॲनिमेशनवाल्यांचे फोन एकाच प्रश्नासाठी वाजताहेत: ॲडोबी कंपनीच्या ॲनिमेट या ॲनिमेशन सॉफ्टवेअरचं आता काय होणार? प्रत्येकाशी फोनवर तेच बोलण्यापेक्षा इथं सगळ्यांनी मिळून मांडू, म्हणून धागा काढतोय. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, संकेश्वर, गोकाक, कुठंही बसून काम करत असाल तर लिहा.

आधी घडलं ते थोडक्यात. फेब्रुवारी २०२६ च्या सुरुवातीला ॲडोबीनं जाहीर केलं की १ मार्चपासून ॲनिमेटची विक्री बंद. साध्या ग्राहकांना मार्च २०२७ पर्यंत मदत मिळेल, मोठ्या कंपन्यांना मार्च २०२९ पर्यंत. जगभरच्या कलाकारांनी एवढा आवाज उठवला की काही दिवसांतच कंपनीनं निर्णय फिरवला. आता ॲनिमेट ‘मेन्टेनन्स मोड’मध्ये आहे. म्हणजे विकत मिळत राहील, चुका दुरुस्त होतील, सुरक्षेचे अपडेट येतील, पण नवीन सोय एकही येणार नाही.

निर्णय फिरला म्हणून माझी काळजी गेलेली नाही. हे सॉफ्टवेअर १९९६ मध्ये फ्यूचरस्प्लॅश ॲनिमेटर म्हणून आलं, मॅक्रोमीडियानं घेतल्यावर फ्लॅश झालं, २००५ मध्ये मॅक्रोमीडियासकट ॲडोबीकडे गेलं आणि २०१६ पासून ॲनिमेट या नावानं विकलं जातंय. मॅक्रोमीडियाच्या घरातल्या बाकीच्या सॉफ्टवेअरांचं काय झालं ते बघा. फ्रीहँडचं काम थांबवल्याचं २००७ मध्ये जाहीर झालं. फायरवर्क्सचं २०१३ मध्ये. डायरेक्टर २०१७ मध्ये गेलं. फ्लॅश प्लेअरचा शेवट ३१ डिसेंबर २०२० ला झाला. त्या घरातलं आता फार थोडं राहिलंय.

मला सर्वांत जास्त काळजी फायलींची आहे. शिवजयंतीच्या चित्ररथांसाठी, मंडळांच्या एलईडी पडद्यांसाठी, शाळांच्या धड्यांसाठी आपण जे केलं, त्याचा व्हिडिओ पेनड्राइव्हवर असेलही. पण व्हिडिओ म्हणजे शिजलेलं अन्न, त्यातून तांदूळ परत काढता येत नाही. पात्रांचे सांधे, तोंडाचे आकार, हात, डोळे, मागची दृश्यं, सगळी लायब्ररी एफएलए फायलीत, म्हणजे ॲनिमेटच्या मूळ कामाच्या फायलीत आहे. ती उघडणारं सॉफ्टवेअर एकच, तेही भाड्याचं. शाळेनं पुढच्या वर्षी येऊन “त्या आजीच्या तोंडी आता नवीन धडा घाला” म्हटलं, तर ती आजी माझ्याकडे असायला हवी.

माझं म्हणणं असं: ॲनिमेट सोडा असं मी म्हणत नाही. मीही आज त्यावरच काम करतोय. पण ते धडधाकट चालतंय तोवरच आपापला साठा बाहेर काढून ठेवायला हवा. कोणी काय केलंय, काय जमलं, काय नाही, ते सांगा.

—

रानगवा · खानापूर

काय गा, एवढं कशाला घाबरूलालास? सॉफ्टवेअर चालूलालंय की. नवीन सोयी नकोतच आपल्याला. गेल्या कित्येक आवृत्त्यांत नवीन आलेलं मी काही वापरलेलं नाही. ब्रश, सिंबॉल (एकदा काढून पुन्हा पुन्हा वापरायचं चित्र), ट्वीन (मधली हालचाल आपोआप), ओनियन स्किन (मागची-पुढची फ्रेम पुसट दिसणं), एवढ्यावर माझं घर चालतं. आहे तसं राहू दे म्हणतो मी. उलट दर वर्षी मेनू हलवत नाहीत हे बरंच झालं.

—

चौकट चोवीस

रानगवा, कामापुरतं तुझं बरोबर आहे. पण २०१२ ची सीएस६ ही खोक्यात मिळणारी शेवटची आवृत्ती. २०१३ पासून सगळं भाड्यानं. आधी तू डबा विकत घेतलास की तो तुझा होता, कंपनीचं काही होवो. आता परवाना अधूनमधून नेटवरून तपासला जातो. ज्या दिवशी तपासणारं पलीकडे कोणी नसेल, त्या दिवशी तुझ्या कम्प्युटरवर असूनही ते तुझं नसेल. ‘आहे तसं राहू दे’ हे आपल्या हातात नाही, हेच तर फेब्रुवारीत दिसलं. विक्री थांबवायच्या आधी जेमतेम एक महिन्याची मुदत दिली होती!

—

शहापूरकरीण · शहापूर

मला हे सॉफ्टवेअर का सोडवत नाही ते लिहिते, कारण बाहेरचे लोक म्हणतात “दुसरं घ्या की”, आणि त्यांना कळतच नाही की आपण काय गमावणार.

ॲनिमेटमध्ये ब्रशनं रेघ मारली की ती रंग भरलेला आकार असतो. त्याच लेअरवर त्याच रंगाची दुसरी रेघ मारली की दोन्ही एक होतात. वेगळ्या रंगाची मारली की खालचं कापलं जातं. आकाराच्या कडेला बाण नेला की कड धरून ओढता येते, ती वाकते. नोड नाहीत, दांड्या नाहीत. ओल्या मातीला बोटानं दाबल्यासारखं आकार वळवत जायचं. याचं मूळ फ्लॅशच्याही आधीचं आहे. फ्यूचरवेव्ह कंपनीचं स्मार्टस्केच नावाचं चित्रांचं सॉफ्टवेअर होतं, पेननं चालणाऱ्या कम्प्युटरांसाठी बनवलेलं. त्यालाच पुढं ॲनिमेशनची जोड मिळाली आणि फ्यूचरस्प्लॅश झालं. म्हणजे हे आधी चित्रकाराचं साधन होतं, टाइमलाइन नंतर आली. बाकीची बरीच सॉफ्टवेअरं मी पाहिली, त्यात हात इतका मोकळा चालत नाही.

आणि सिंबॉल! एका सिंबॉलच्या पोटात दुसरा, त्याच्या पोटात तिसरा. डोळ्याची पापणी एकदा बदलली की तीन वर्षांच्या सगळ्या भागांत... तेवढं नाही, पण त्या फायलीत जिथं जिथं पात्र आहे तिथं बदलते. एकट्या बाईनं घरात बसून मालिका काढायची तर हेच बळ असतं.

—

गोकाकची बाहुली · गोकाक

शहापूरकरीण ताईंशी सहमत. मी मराठी आणि कन्नड दोन्ही शाळांसाठी धडे करते. पात्र एकच, आवाज दोन. यात एक गंमतीची अडचण आहे जी कदाचित फक्त आपल्यालाच येते. कन्नड शब्द बहुतेक स्वरावर संपतो, त्यामुळं शब्दाच्या शेवटी तोंड उघडं राहतं. मराठीत ‘घर’, ‘पाऊस’, ‘कागद’ म्हणताना शेवटचा अ गळतो आणि तोंड लवकर मिटतं. म्हणून तेच वाक्य, तेवढ्याच लांबीचं असलं तरी ओठांचे फ्रेम वेगळे बसवावे लागतात. ॲनिमेटमध्ये तोंडाचा एक ग्राफिक सिंबॉल, त्याच्यात सगळे आकार, आणि फ्रेम पिकरमधून बोट ठेवून निवडायचं. आपोआप ओठ जुळवायची सोय आहे, पण मी हातानंच करते. कन्नड मुलांना मराठी ओठ आणि मराठी मुलांना कन्नड ओठ दाखवायचे नाहीत असं मी ठरवलंय.

ही सोय जिथं असेल तिथं मी जायला तयार आहे. कुठं आहे ते सांगा.

—

निपाणीची शाई · निपाणी

मोहो नावाच्या ॲनिमेशन सॉफ्टवेअरमध्ये आहे. त्याला स्विच लेअर म्हणतात. तोंडाचे आकार एका लेअरखाली ठेवायचे आणि फ्रेमनुसार निवडायचे. मोहो एकदा विकत घेता येतं, भाडं नाही. हाडांचं रिग, म्हणजे पात्राला आतून हाडं जोडून हलवायची सोय, मला तरी ॲनिमेटपेक्षा चांगलं वाटलं. पण फ्रेम-फ्रेमनं चित्र काढायला हात रमत नाही, ते शहापूरकरीण ताई म्हणतात तसंच आहे.

टून बूम हार्मनी सगळ्यांत समर्थ. मोठे स्टुडिओ तेच वापरतात, पुण्या-मुंबईत नोकरी करायची असेल तर ते यायलाच हवं. पण तेही बहुतेकांना भाड्यानंच परवडतं आणि आपल्या दरात बसत नाही. मंडळाचा अध्यक्ष गणपतीच्या आदल्या दिवशी जे पैसे देतो त्यात हार्मनीचं वर्षाचं भाडं कसं काढणार?

फुकट हवं असेल तर दोन. ओपनटून्झ: रोमच्या डिजिटल व्हिडिओ कंपनीचं टून्झ, घिबली स्टुडिओत वापरलेलं, जपानच्या ड्वांगोनं घेऊन मार्च २०१६ मध्ये सगळ्यांसाठी खुलं केलं. कागदावर काढून स्कॅन करणाऱ्यांसाठी याच्यासारखं दुसरं नाही. शिकायला चढ आहे, हे आधीच सांगतो. दुसरं ब्लेंडर या त्रिमिती सॉफ्टवेअरमधलं ग्रीझ पेन्सिल. त्रिमितीच्या जागेत द्विमिती चित्र काढायचं. सुरुवातीला डोकं गरगरतं, पण कॅमेरा फिरवायला लागलात की मागं वळून बघावंसं वाटत नाही. आणि ब्लेंडर आता छंदाचं साधन राहिलेलं नाही. लॅटव्हियाचा ‘फ्लो’ हा ॲनिमेशनपट ब्लेंडरवर केलेला आहे आणि त्याला २०२५ मध्ये ऑस्कर मिळालंय.

—

प्रेसवाला मामा · खडेबाजार, बेळगाव

मी ॲनिमेशनवाला नाही. छपाईतला माणूस. पण धागा वाचला आणि लिहिल्याशिवाय राहवेना.

आमच्या धंद्यात हे सगळं एकदा होऊन गेलंय. पेजमेकर हे पानं मांडायचं सॉफ्टवेअर अल्डस कंपनीनं १९८५ मध्ये काढलं, १९९४ मध्ये ते ॲडोबीकडे गेलं, आणि ७.० ही शेवटची आवृत्ती २००१ मध्ये आली. त्यानंतर कंपनीनं सगळ्यांना स्वतःच्याच इनडिझाइनकडे वळवलं. आपल्या गावच्या कितीतरी प्रेसमध्ये तरीही पेजमेकर वर्षानुवर्षं चालत राहिलं, कारण हात बसलेला, आणि मराठीचे फॉन्ट त्यातच नीट चालायचे. लग्नपत्रिका, हँडबिलं, गावजत्रेची पत्रकं, सगळं त्यातच.

त्या वेळच्या फॉन्टची गोष्ट तुम्हा पोरांना माहीत नसेल. युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला ठरलेला आकडा, तेव्हा आमच्या वापरात आलेलं नव्हतं. इंग्रजी अक्षरांच्या जागेवर मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेले असायचे. म्हणजे फायलीत प्रत्यक्षात मराठी नाहीच, रोमन खुणा आहेत, आणि तो ठरावीक फॉन्ट असला तरच त्या मराठी दिसतात. कन्नडचंही तसंच. परवा एका गावची मंडळी आली, पंचवीस वर्षांपूर्वीची स्मरणिका पुन्हा छापायची म्हणून. त्यात गावातल्या म्हाताऱ्या माणसांनी सांगितलेल्या आठवणी होत्या, ती माणसं आता नाहीत. फाईल मी जपून ठेवली होती. उघडली तर सगळी चिन्हं. तो फॉन्ट विकणाऱ्यांचा आता पत्ता नाही. शेवटी छापील प्रत शोधली, एका मास्तरांच्या घरी मिळाली, आणि पानन् पान पुन्हा टाइप केलं. सुनेनं रात्री जागून मदत केली.

तुमच्या चित्रांची छापील प्रत नसते. म्हणून सांगतो, चौकट म्हणतोय ते ऐका. फाईल असणं आणि फाईल उघडणं यात फार अंतर आहे.

—

जांबोटीचा पाऊस · जांबोटी

मामा, मनाला लागलं वाचून.

—

चित्रमळा · अनगोळ, बेळगाव

सगळ्यांचं वाचलं. मला वाटतं आपण साधनाला जास्त चिकटतोय. बेळगावात चित्रकार के. बी. कुलकर्णी सरांच्या हाताखाली माणसं घडली. चित्रकार रवी परांजपे त्यांचेच विद्यार्थी. त्यांना काय शिकवलं गेलं? पेन्सिल धरून समोरच्या माणसाकडे बघायचं. वजन कुठं पडलंय, खांदा कुठं झुकलाय. ज्याला हे येतं त्याला सॉफ्टवेअर कुठलंही द्या. मी आठवड्यातून एक दिवस बाजारात बसून माणसं काढतो. माझं ॲनिमेशन तिथून येतं.

—

चौकट चोवीस

चित्रमळा सर, तुमच्या क्लासला आलेला आहे मी, तुमचा मान ठेवून बोलतो. चित्र येणं पहिलं, यात वाद नाही. पण चित्रकाराच्या कॅनव्हासला पुढं कोणी भाडं मागत नाही. कुलकर्णी सरांचं जुनं तैलचित्र आजही भिंतीवर बघता येतं, त्यासाठी कुठल्या कंपनीची परवानगी लागत नाही. आमचं चित्र रोज नव्यानं कम्प्युटरनं काढून दाखवावं लागतं. हात शाबूत राहिला तरी काम हरवू शकतं, हा आमच्या माध्यमातला वेगळा धोका आहे आणि म्हणूनच साधनाबद्दल बोलावं लागतं.

—

चित्रमळा

हे मान्य. असा विचार केला नव्हता.

—

नवी रेघ · चिकोडी

मी बारावी झाले, ॲनिमेशन शिकायचं आहे. क्लासवाले ॲनिमेट शिकवतात. फी भरू की नको? घरी कसं सांगू ते पण कळत नाहीये.

—

निपाणीची शाई

बाळ, फी भरायच्या आधी तीन महिने घरीच कर. क्रिता उतरवून घे, फुकट आहे, त्यात ॲनिमेशनची टाइमलाइन आहे. चेंडूची उसळी, चालणं, पिशवी उचलणं, कपडा वाऱ्यावर हलणं, एवढं काढ. साधा टॅब्लेट पुरे, स्क्रीनवाला नको. मग ब्लेंडर. क्लासमध्ये ॲनिमेट शिकवतात म्हणून क्लास वाईट होत नाही. तिथले सर टायमिंग, स्पेसिंग, की-फ्रेम आणि मधल्या फ्रेम नीट शिकवतात का ते विचार. शिकवत असतील तर जा. नुसते मेनू शिकवत असतील तर जाऊ नकोस.

—

शहापूरकरीण

नवी रेघ, घरच्यांना तू केलेली छोटीशी हलणारी गोष्ट दाखव, सांगण्यापेक्षा. आणि इकडे आलीस तर माझ्याकडे ये, बसून बोलू.

—

रानगवा

एक विचारतो. ॲडोबीला नको असेल तर त्यांनी ॲनिमेट खुलं का करू नये? ब्लेंडर तसंच झालं ना?

—

निपाणीची शाई

ब्लेंडरची कथा वेगळी. ते विकणारी एनएएन ही कंपनी बुडाली, मालकी गुंतवणूकदारांकडे गेली. ब्लेंडर बनवणाऱ्या टोन रूसेंडाल यांनी वापरणाऱ्यांकडून एक लाख युरो गोळा केले, सात आठवड्यांत, आणि ऑक्टोबर २००२ मध्ये सोर्स कोड खुला झाला. तिथं किंमत सांगणारा विकणारा होता. इथं कंपनी धडधाकट आहे आणि तिनं किंमत सांगितलेलीच नाही. शिवाय इतक्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये दुसऱ्यांकडून परवान्यावर घेतलेले भाग असू शकतात, ते खुलं करणं एकट्याच्या हातात नसतं. मागणी करू, जरूर करू. पण तिच्या भरवशावर बसायचं नाही.

मात्र फ्लॅशच्या बाबतीत लोकांनी स्वतः केलेलं काम बघ. रफल नावाचा खुला प्रकल्प आहे, रस्ट या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत लिहिलेला, तो जुन्या एसडब्ल्यूएफ फायली, म्हणजे फ्लॅशमधून निघालेलं तयार काम, आजच्या ब्राउझरमध्ये चालवतो. इंटरनेट आर्काइव्हनं नोव्हेंबर २०२० पासून त्याच्याच आधारानं फ्लॅशची जुनी कामं जपायला घेतली. कंपनीनं दिवा विझवला तरी लोकांनी लावून ठेवलाय.

—

मलप्रभाकाठ · खानापूर

मी हे काम सध्या करतेय, म्हणून नीट लिहिते. लांबेल.

सीएस५ पासून पुढची एफएलए फाईल ही प्रत्यक्षात झिप असते. तिची नक्कल करा, मूळ फायलीला हात लावू नका, आणि नकलेचं नाव बदलून शेवटी झिप करा. उघडली की आत एक्सएमएलच्या फायली दिसतात आणि लायब्ररीचा फोल्डर. म्हणजे उद्या ॲनिमेट नसलं तरी आतला मजकूर वाचता येण्यासारखा आहे. कोणी हुशार पोरगं त्यातून आकार परत उभे करू शकेल. ॲनिमेटमधून ‘अनकंप्रेस्ड’ म्हणजे एक्सएफएल स्वरूपात सेव्ह करायचीही सोय आहे, मी सगळ्या महत्त्वाच्या फायली तशा करून ठेवतेय.

खरा धोका सीएस४ आणि त्याआधीच्या फायलींना. त्या झिप नाहीत, बंद डबा आहे. त्या आजच ॲनिमेटमध्ये उघडून नव्या स्वरूपात सेव्ह करा. हे काम ॲनिमेट चालू आहे तोवरच होणार, नंतर नाही. ज्यांच्याकडे २००५-०६ च्या सीडी पडून आहेत त्यांनी आधी सीडीतलं हार्डडिस्कवर घ्यावं, सीडी वाचली जाईलच असं नाही. आपल्याकडच्या पावसाळ्यात तर बुरशी धरते.

तिसरं: पात्रांचे भाग वेगवेगळे एसव्हीजी, म्हणजे रेषा आणि आकार जपणाऱ्या फायली, म्हणून काढा. डोकं, धड, दंड, हात, तोंडाचा प्रत्येक आकार. एसव्हीजी ब्लेंडर घेतं, ओपनटून्झ घेतं, मोहो घेतं, सिनफिग घेतं. ट्वीन आणि सिंबॉलची उतरंड त्यातून येणार नाही, हे मनाशी धरून चला. हालचाल नव्यानं करावी लागेल, पण चित्र वाचेल. पूर्ण दृश्यं पीएनजी फ्रेमच्या मालिकेत, पार्श्वभूमी पारदर्शक ठेवून. आवाज वेगळा, डब्ल्यूएव्हीमध्ये. मराठी अक्षरांचं मी सगळीकडे दोन प्रकारे ठेवते, एकदा आकार करून आणि एकदा साध्या युनिकोड मजकुराच्या फायलीत. प्रेसवाल्या मामांची गोष्ट वाचल्यावर हे किती गरजेचं आहे ते पटेल.

ज्यांच्याकडे मूळ एफएलए हरवलीय आणि फक्त एसडब्ल्यूएफ उरलीय त्यांनी जेपेक्सचं खुलं फ्लॅश डिकंपायलर वापरा. त्यातून आकार, आवाज बाहेर येतात, एफएलएसुद्धा करून देतं. लेअरची नावं वगैरे येत नाहीत, पण पात्र हाताशी येतं. स्वतःच्या कामासाठीच वापरा, दुसऱ्याचं काढू नका.

कुठल्या क्रमानं? जी पात्रं पुन्हा लागतील ती आधी. सगळंच वाचवायला बसलात तर काहीच होणार नाही.

—

गोकाकची बाहुली

मलप्रभाकाठ ताई, तोंडाच्या सिंबॉलमधले आकार एकेक करून काढायचे का? माझ्याकडे मराठी आणि कन्नड मिळून खूप आहेत.

—

मलप्रभाकाठ

सिंबॉलच्या आत जा, त्याची टाइमलाइन आहे ना, तिथून फ्रेमची मालिका म्हणून निर्यात कर. सगळे आकार एकदम निघतात. नावं मात्र आधी ठरव: पात्र, भाग, आकार, या क्रमानं, आकडे पुढे शून्य लावून. मोहोच्या स्विच लेअरमध्ये घेताना नावं सरळ असली की हात दुखत नाहीत. आणि दोन्ही भाषांचे आकार एकाच फोल्डरमध्ये ठेव, बरेचसे सारखेच असतील.

—

रानगवा

बरं, पटलं मला. माझ्याकडे फ्लॅश ८ च्या काळातल्या खानापूरच्या जंगलावरच्या गोष्टीच्या फायली आहेत, शाळेच्या पोरांसाठी केलेल्या. त्या सगळ्या बंद डब्यातल्या म्हणायच्या. या रविवारी त्याच उघडायला घेतो.

—

चौकट चोवीस

रविवारी माझ्याकडे या. वरच्या खोलीत दोन मशीन आहेत, एकावर ॲनिमेट, दुसऱ्यावर ब्लेंडर आणि ओपनटून्झ. हार्डडिस्क आपापली आणा. सीडी असतील तर त्याही आणा, बाहेरून जोडायचा सीडी ड्राइव्ह माझ्याकडे आहे. लाईट गेली तर यूपीएसवर अर्धा तास निघतो, म्हणून जुन्या फायली सकाळीच उघडू. नवी रेघ, घरच्यांना घेऊन आलीस तरी चालेल.

—

प्रेसवाला मामा

माझ्याकडे जुन्या विंडोजचं एक मशीन अजून चालू स्थितीत आहे, पेजमेकरसाठी ठेवलेलं. त्यावर फ्लॅशची खोक्यातली एक जुनी आवृत्तीही आहे, मुलानं कॉलेजात असताना घेतलेली. नव्या ॲनिमेटमध्ये जी फाईल उघडणार नाही ती त्यावर बघू. रिक्षात घालून आणतो. मॉनिटर तेवढा तुमच्याकडचा लावा, माझा जड आहे.